आजोबांचं पार्कर दुरुस्त करायचंय? आधी हिशेब मांडा

जुनं शाईपेन दुरुस्तीला काढलं की दोनच सल्ले मिळतात: 'शंभर रुपयांचं काम आहे' किंवा 'त्यापेक्षा नवीन घ्या'. खर्च ठरतो तो शाई भरायची सोय कोणती आहे आणि निबचं टोक शाबूत आहे का, यावर. घरोघरी सापडणाऱ्या 'पार्कर 51'चंच उदाहरण घेऊ.

आधी ओळख पटवा
निब जवळजवळ झाकलेलं हे पेन 1941 मध्ये बाजारात आलं. चिनी 'हीरो 616' दिसायला तसंच, त्यामुळे गफलत होते. टोपणाच्या कडेजवळ कोरलेलं नाव भिंगाखाली वाचा. हीरो निघालं तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. तेवढ्यात दुसरं येईल.

आता मागचं आवरण फिरवून काढा. आत धातूच्या नळीवर दाबायची पट्टी दिसली, तर ते 1948 नंतरचं 'एरोमेट्रिक'. त्यातली पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी सत्तर वर्षांनंतरही बहुधा धड असते. शेपटाकडचं छोटं टोपण काढल्यावर दट्ट्या दिसला, तर ते आधीचं 'व्हॅक्युमॅटिक'. त्याचा रबरी पडदा हमखास गेलेला असतो.

घरच्या घरी: 500 ते 1000 रुपये
दहापट भिंग, रबरी फुगा आणि थोडं सिलिकॉन ग्रीस एवढ्यात येतं. एरोमेट्रिकला तर अनेकदा पाणीच पुरतं. निबकडचा भाग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, सकाळी पट्टी दाबून पाणी आत-बाहेर करा. निळं पाणी येणं थांबलं, की निब टिश्यूवर टेकवून ठेवा. टिश्यूवर डाग उमटेनासा झाला म्हणजे जीभ, म्हणजे निबला शाई पुरवणारा भाग, मोकळी झाली.

स्पिरिट, उकळतं पाणी आणि पक्कड यांना हात लावू नका. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन पाण्यात भिजत टाकलं, तर काळा रंग तपकिरी पडतो.

कारागिराकडे: ढोबळ दर
- साफसफाई, निब सरळ करणं: पुण्यात अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईत फोर्ट भागातल्या जुन्या पेनवाल्यांकडे साधारण काहीशे रुपये.
- बाजूचा खटका उचलून शाई भरायच्या पेनांची रबरी ट्यूब: परदेशात तीन ते पाच डॉलर. टपालखर्च ट्यूबपेक्षा जास्त, म्हणून चार-पाच एकदम मागवा. ती लाखेने चिकटवायची असते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली तर पुढच्या दुरुस्तीत पेन फुटतं.
- व्हॅक्युमॅटिकचा पडदा बदलणं: परदेशी कारागिराकडे 40 ते 70 डॉलर. जाण्या-येण्याचं टपाल आणि सीमाशुल्क वेगळं.
- निबचं झिजलेलं टोक नव्याने जोडणं: 100 डॉलरच्या पुढे.

विकत घेताना
दुरुस्त केलेलं, लिहितं '51' परदेशी विक्रेत्यांकडे साधारण 80 ते 150 डॉलरला मिळतं. जुन्या बाजारातलं 'स्वस्त' व्हॅक्युमॅटिक पडदा आणि टपाल धरून तिथेच पोचतं. इतर पेनांत '14के' किंवा '585' हा शिक्का सोन्याच्या निबची खूण. नुसतं 'इरिडियम पॉइंट' लिहिलेलं निब बहुधा पोलादी असतं. विक्रेत्याकडे भरलेल्या शाईने लिहून दाखवण्याचा आग्रह धरा. नुसतं बुडवून काढलेल्या रेघेवरून शाई भरते की नाही, हे कळत नाही.

दुरुस्तीला देण्याआधी
चारही बाजूंनी फोटो काढा, निबचा जवळून वेगळा. कोणता भाग बदलणार, जुना भाग परत मिळणार का, गळलं तर पुन्हा पाहणार का, हे लिहून घ्या. पॉलिशला स्पष्ट नकार द्या: घासलं की कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि पेनाची किंमत उतरते.

निष्कर्ष
घरातलं एरोमेट्रिक असेल तर बिनधास्त दुरुस्त करा. व्हॅक्युमॅटिकवर खर्च आठवणीसाठी करा, नफ्यासाठी नको. टोक गेलेलं अनोळखी पेन मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.