आधी मन की आधी पाऊल?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला नैराश्य आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. घरी येणारा प्रत्येक जण त्याला ‘फिरायला जा, मन रमव’ म्हणतो. तो म्हणतो, ‘मनच लागत नाही, तर रमवू कशात?’ मला त्याचं पटतं. मग मन लागेपर्यंत वाट बघायची का? आणि फिरण्यानं हा आजार खरंच हलतो का?
— एक बहीण, सांगली

उत्तर : ताई, तुमचा भाऊ आळस करत नाहीये. कशातच रस न वाटणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे. त्यामुळे ‘मन रमव’ हा सल्ला त्याला नेमकं जे जमत नाही तेच करायला सांगतो. पण मन लागण्याची वाट बघत बसलात, तर ती लांबतच जाते. मन उतरलं की माणूस कामं टाळतो, भेटीगाठी सोडतो. मग दिवसभरात बरं वाटावं असं काही घडतच नाही आणि मन आणखी खचतं. हे चक्र कृतीच्या बाजूनं तोडता येतं. आधी लहानशी कृती, मन मागून येतं.

आपल्या शेजारी गोव्यात याची नीट परीक्षा झाली आहे. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी असा उपचार तयार केला. तो देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते. प्रशिक्षण घेतलेली स्थानिक साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, बहुधा आठवड्याला एक. काय टाळलं जातंय ते बोलायचं, एखादी कृती ठरवायची, पुढच्या भेटीत तिची विचारपूस करायची. 2017 साली ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी या गटातल्या 64 टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती पुढच्या भेटीतली विचारपूस. कुणीतरी विचारणार आहे, एवढ्यानं माणूस उठतो.

व्यायामाचंही तसंच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 1999 साली पन्नाशीपुढच्या 156 नैराश्यग्रस्तांवर अभ्यास झाला. सोळा आठवड्यांनी व्यायाम करणारे आणि औषध घेणारे जवळपास सारखेच सुधारले होते. मात्र तो व्यायाम गटानं, देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा होत होता. कुणाला ‘जा’ म्हणून एकट्याला पिटाळलं नव्हतं.

म्हणून ‘तू जा’ म्हणू नका. ‘मी निघालेय, चप्पल घाल’ म्हणा. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल. नाही म्हणाला तर वाद नको, उद्या पुन्हा विचारा. आजाराआधी त्याला काय आवडायचं ते तुम्हालाच ठाऊक. त्यातलं सर्वांत सोपं काम निवडा आणि वेळ ठरवा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली असली तरी. दोन वेळचं जेवण सगळ्यांबरोबर व्हावं. दारू घेत असेल तर ती बंद व्हायला हवी, कारण तिनं झोप आणि मन दोन्ही बिघडतात.

या सगळ्यामुळे गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. त्यांचा गुण यायला अनेकदा चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे तीन आठवड्यांत निराश होण्याचं कारण नाही. बरं वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत. थायरॉइड आणि बी-12 तपासलं नसेल, तर पुढच्या भेटीत विचारा.

जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा स्वतःकडे ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. तिथे तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.