सभासद लॉजमध्ये परत आणण्याची कृती

साहित्य थोडंच लागतं: लॉजचं हजेरीपुस्तक, एक शंभर पानी वही, फोन आणि तोंडावर ताबा ठेवू शकणारे दोन-तीन पास्ट मास्टर. शेवटची गोष्ट मिळवायला वेळ लागतो. बाकीच्या गोष्टी लॉजमध्ये पडलेल्याच असतात.

ही कृती मुंबई-पुण्याकडच्या फ्रीमेसन लॉजच्या सेक्रेटरीसाठी आणि पुढच्या वर्षी मास्टरच्या खुर्चीत बसणाऱ्या सीनियर वॉर्डनसाठी आहे. यादीवर पन्नास नावं आणि सभेला पंधरा टाळकी, अशी अवस्था असेल तर ती उपयोगी पडेल. सभा रटाळ होतात म्हणून लोक येत नाहीत, असं समितीत नेहमी म्हटलं जातं आणि मग केटरर बदलायचं ठरतं. मला ते निदान पटत नाही. आपण गेलो नाही तरी कुणाचं काही अडत नाही, हे एकदा कळलं की माणूस यायचा थांबतो. तेव्हा पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच, की प्रत्येक सभासदावाचून लॉजमध्ये कुठेतरी काहीतरी अडावं.

पहिलं काम, हजेरीपुस्तक वाचणं. सभेला येणारा प्रत्येक जण त्यात सही करतो आणि नंतर ते पुस्तक कुणी उघडत नाही. गेल्या वर्षभराच्या सह्या काढा. वहीत प्रत्येक सभासदाला अर्धं पान द्या आणि चार गोष्टी लिहा: शेवटचा कधी आला, त्याचं नाव कुणी सुचवलं होतं, राहतो कुठे, आणि लॉजमध्ये शेवटचं काम कोणतं केलं. चौथ्या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढे काहीच लिहायला सापडणार नाही. रोग तिथेच आहे.

आता नावांचे तीन गट पाडा. नेमाने येणारे, अधूनमधून येणारे आणि वर्षभर न फिरकलेले. उत्साही मंडळी तिसऱ्या गटापासून सुरुवात करतात आणि दोन महिन्यांत थकतात. सुरुवात मधल्या गटापासून करा. त्यांचा धागा अजून तुटलेला नाही.

दुसरं काम फोनचं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच निरोप टाकला की तो कुणालाच मिळत नाही. फोन सेक्रेटरीनं करू नये, कारण त्याचा फोन म्हणजे वर्गणी, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं असतं. ज्यानं त्या माणसाचं नाव सुचवलं त्यानं करावा. तो नसेल तर आल्मनरनं. आजारी ब्रदर, अडचणीतली घरं, दिवंगत सभासदांच्या पत्नी यांची विचारपूस करणं हे आल्मनरचंच काम. ‘का येत नाही?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला उत्तर म्हणून सबबच मिळते. तब्येत, नोकरी, मुलांची शिक्षणं यांची चौकशी करा, समोरच्याला बोलू द्या आणि शेवटी नेमकं काम सांगा: ‘पुढच्या सभेला दोन पाहुणे येतायत, त्यांना दारापासून आत आणून ओळखी करून द्यायला तुम्ही हवे आहात.’ ‘या हं एकदा’ म्हणून फोन ठेवला तर तो न केल्यासारखाच. बोलणं झाल्यावर वहीत दोन ओळी लिहा.

या फोनांत एक गोष्ट हमखास कळते, ती म्हणजे काही जण थकलेल्या वर्गणीच्या संकोचानं येत नाहीत. वर्षाची राहिली, मग दोन वर्षांची झाली, आणि आता तोंड कसं दाखवायचं? थकबाकीची यादी ग्रुपवर टाकणारा ट्रेझरर असा माणूस कायमचा घालवतो. ट्रेझररनं एकट्यानं भेटावं, हप्ते पाडून द्यावेत, आणि खरीच ओढाताण असेल तर गोष्ट आल्मनरच्या कानावर घालावी. अडचणीतल्या ब्रदरला हात देणं हे या संस्थेचं जुनं काम आहे. ते आपल्याच सभासदाच्या बाबतीत विसरू नये.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड: विधीतली भाषणं वाटून देणं. बऱ्याच लॉजमध्ये चार-पाच पास्ट मास्टर सगळं पाठ म्हणतात. म्हणतातही छान. बाकीचे वर्षानुवर्षं ऐकतात. खरं तर विधी तोडून वाटता येतो. पहिल्या पदवीत हत्यारांचं स्पष्टीकरण असतं, २४ इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी यांचं. ते आटोपशीर आहे, मास्टरनंच म्हटलं पाहिजे असं नाही, आणि एखादा सभासद महिन्याभरात ते नीट बसवू शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पदवीची हत्यारं वेगळी, म्हणजे आणखी दोन माणसांची सोय झाली. नव्या सभासदाला शेवटी जो मोठा उपदेश केला जातो तो ज्याचा आवाज आणि पाठांतर दोन्ही चांगलं आहे अशाला, निदान तीन महिने आधी द्या. कुणी काय म्हणायचं हे वहीत तारखेसह लिहा आणि समन्सवर, म्हणजे सभेच्या छापील बोलावण्यावर, त्याचं नाव छापा. छापलेलं नाव असलेला माणूस सहसा गैरहजर राहत नाही.

आपल्याकडे विधी बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून चालतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या सभासदाला जुन्या वळणाची ती लांब वाक्यं सगळ्यांसमोर म्हणायची धास्ती वाटते. त्यासाठी सराव लागतो. लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन म्हणजे विधीची तालीम. ती कागदावर सगळीकडे असते; प्रत्यक्षात सुरू करा. तिथे आधी अर्थ मराठीत समजावून सांगा, मग पाठांतर. सभेत कुणी अडखळला तर सुचवणारा माणूस एकच हवा, बहुधा इमीजिएट पास्ट मास्टर. चार कोपऱ्यांतून चार जण शब्द फेकायला लागले की बोलणारा पुन्हा कधी उभा राहत नाही. तोंडावर ताबा असलेले पास्ट मास्टर लागतात ते याचसाठी. ज्येष्ठांनी हात आखडता घेतला तर त्यांचा मान कमी होत नाही. त्यांना तालमीचे गुरू करा.

ज्यांना भाषण नकोच त्यांना हाताचं काम द्या. रडयार्ड किपलिंगचं उदाहरण बोलकं आहे. १८८६ साली लाहोरच्या ‘होप अँड पर्सिव्हिअरन्स’ लॉजनं त्याला वयाची २१ वर्षं पुरी व्हायच्या आधीच, खास परवानगीनं घेतलं. लॉजला चांगला सेक्रेटरी हवा होता, असं त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्यानं तिथल्या उघड्या भिंती सजवायला मदत केली आणि सल्ल्याला वडिलांनाही आणलं. हे वडील म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवून लाहोरला गेलेले लॉकवुड किपलिंग. तुमच्या यादीतही कुणी छायाचित्रकार असेल, कुणी चार्टर्ड अकाउंटंट, कुणी उत्तम सुतारकाम जाणणारा. ते हिशेब, ती मोडकी खुर्ची, तो जुन्या मिनिट्सचा गठ्ठा त्यांच्याकडे सोपवा.

चौथं काम नव्या सभासदांचं. मतपेटीत पांढरे गोळे पडेपर्यंत सगळे त्याच्यामागे असतात. प्रवेशविधी झाला की तो एकटा. त्याच रात्री त्याला एक सोबती नेमून द्या, शक्यतो चार-पाच वर्षं जुना, फार ज्येष्ठ नको. सोबत्यानं पुढच्या सभेला त्याच्या शेजारी बसावं, काय चाललंय ते नंतर सांगावं आणि तीन महिन्यांत एकदा तरी दुसऱ्या लॉजला पाहुणा म्हणून न्यावं.

वेळेचं थोडक्यात. फोर्टमधला फ्रीमेसन्स हॉल सीएसएमटी आणि चर्चगेट दोन्हीकडून चालत जाण्याजोगा आहे, पण सभासद राहतात बोरिवलीला आणि पनवेलला. समन्सवर सुरू होण्याची वेळ असते तशी संपण्याचीही छापा आणि पाळा. पत्रव्यवहाराचं वाचन आवरतं घ्या. फेस्टिव्ह बोर्डवर, म्हणजे सभेनंतरच्या जेवणात, लांबलचक टोस्ट नकोत.

वाचलेल्या वेळात दर सभेला एका सभासदाचं पंधरा मिनिटांचं बोलणं ठेवा, मराठीत चालेल. राजकारण आणि धर्म यांवर लॉजमध्ये वाद घालायचा नसतो, तरी विषय पुष्कळ उरतात. १८४३ साली जेम्स बर्न्स या डॉक्टरनं मुंबईत भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज का काढलं? तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८८४ मध्ये कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये आले, तो काळ कसा होता? २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, तेव्हा काही लॉज इंग्लंड-स्कॉटलंडच्या छत्राखालीच का राहिली? बोलणारा तयारीसाठी आठवडाभर वाचेल आणि ऐकायला आपला एखादा मित्र घेऊन येईल.

घरच्यांना विसरू नका. सभासद पुरुष, सभा बंद दाराआड, त्यामुळे घरी लॉज म्हणजे ‘यांचं ते कुठलंसं’ एवढंच. वर्षातून दोनदा कुटुंबांसह जमा. दानधर्मही चेक फाडून न संपवता हातांनी करा, म्हणजे नेत्रशिबिरात खुर्च्या लावायला मुलंही येतील.

वर्ष संपताना वही पुन्हा उघडा आणि चौथा रकाना पाहा. हजेरी किती वाढली यापेक्षा तिथे किती नवी कामं लिहिली गेली हे मोजा. मग ती वही नव्या मास्टरला दाखवा, पण ठेवा सेक्रेटरीकडेच. मास्टर दरवर्षी बदलतो; चांगला सेक्रेटरी सहसा दहा वर्षं कुणी सोडत नाही.