डेबिट म्हणजे जमा की नावे?

प्रथम वर्षाला मी विचारले, "सर, बँकेत भरलेले ५०० रुपये पासबुकात क्रेडिट, मग आपल्या वहीत बँक डेबिट कशी?" वर्ग हसला. सरांनी इंग्रजी नियम पुन्हा सांगितला. तो तर मला पाठच होता!

उलगडा झाला मामांच्या दुकानात, खतावणी लिहिताना. देणाऱ्याच्या खाती जमा, घेणाऱ्याच्या नावे. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा. तिथे देणारा मी. माझ्या वहीत घेणारी बँक, म्हणून तिच्या नावे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणापासून माध्यमाचा वाद पुन्हा रंगला आहे. आमची परीक्षा इंग्रजीत, हे मान्य. पण ‘जमा’, ‘खाते’ हे शब्द बाकावरच्या कन्नड मित्रालाही घरचेच. प्राध्यापकांनी ते फळ्यावर इंग्रजीखाली लिहावेत, एवढेच मागणे.