वळताना गाडी का वाजते?

अंबडहून मोसंबी भरून आपली गाडी जालन्याच्या बाजाराला निघाली. सरळ रस्त्यावर गप्प असते. वळण आले, की पुढून ‘खट् खट्’ वाजते.

वळताना बाहेरच्या चाकावर भार वाढतो. चाकाजवळ आपल्या खुब्यासारखा गोल सांधा असतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. तो झिजला, की वाजतो. बैलगाडीचे कुरकुरणे वंगणाने थांबते. झिजलेला सांधा वंगणाने बरा होत नाही.

आपण तपासू. गाडी सपाट जागी रिकामी करू. मागच्या चाकांना दगड लावू. पुढचे चाक जॅकने उचलू. वर-खाली धरून हलवू. सैल लागले, तर मिस्त्रीकडून बॉल जॉइंट व बेअरिंग तपासू. झिजलेला भाग बदलून घेऊ.

सांधा तुटला, तर चाक निखळते. गाडीत नुसती मोसंबी नसते, माणसेही असतात.