घरी गेलेल्या माणसाचं कारण कोण लिहितं?

प्रश्न : आमच्या गावात पन्नाशीच्या आतली माणसं 'अटॅकने' गेल्याचं वरचेवर कानावर येतं. बरेच जण दवाखाना गाठतच नाहीत. मग हृदयविकाराने अकाली किती माणसं गेली, हा आकडा येतो कुठून?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : खरं तर तो डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातून यायला हवा. त्यात मृत्यूचं थेट कारण आणि त्याच्या मुळाशी असलेला आजार क्रमाने लिहायचा असतो; मोजणीत धरतात तो मुळाशी असलेला आजार. पण पुष्कळदा 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच लिहितात. हृदय तर कर्करोगाने गेलेल्याचंही बंद पडतंच! शिवाय २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२ टक्क्यांनाच असं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं.

उरलेल्यांसाठी घरच्यांनाच विचारावं लागतं. या पद्धतीला 'व्हर्बल ऑटॉप्सी' म्हणतात. महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेत देशभरातल्या निवडक गावांवर आणि वस्त्यांवर कायम लक्ष असतं. तिथे कुणी गेलं की काही महिन्यांत प्रशिक्षित पाहणीकार त्या घरी जातो. तो डॉक्टर नसतो. छातीत किती वेळ दुखत होतं, घाम फुटला होता का, चालताना धाप लागायची का, बीपी-शुगर होती का, विडी-तंबाखू चालायची का, हे तो विचारतो आणि घरच्यांची हकीकत त्यांच्याच भाषेत लिहून घेतो. मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ती वाचून कारण ठरवतात. एकमत झालं नाही, तर तिसरे ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देतात. ज्या बाईचा नवरा नुकताच गेला, तिला हे सगळं पुन्हा आठवायला लावणं फार जड आहे. तरीही अशा हजारो घरांनी बोलायचं नाकारलं नाही, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

याच पायावर डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा 'मिलियन डेथ स्टडी' उभा राहिला. त्यात अकाली मृत्यू धरला तो ३० ते ६९ या वयातला. सत्तरीनंतर एकाच माणसाला तीन-चार आजार असतात आणि नेमकं कारण सांगणं अवघड होतं. नुसते मृत्यू मोजले, तर लोकसंख्या वाढली की आकडाही वाढणारच. म्हणून तिशीतल्या शंभर जणांपैकी सत्तरीआधी या आजाराने किती जातील, असं मांडतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराबाबत पुरुषांमध्ये हे प्रमाण २००० साली १०.४ टक्के होतं, ते २०१५ पर्यंत १३.१ टक्क्यांवर गेलं. याच काळात खेड्यांतल्या पुरुषांचा मृत्युदर शहरांतल्या पुरुषांच्याही पुढे गेला.