यीस्टचा त्रास : पथ्य किती, तपासणी किती?

चाळिशीच्या आसपासच्या एक बाई दवाखान्यात येतात. सोबत जाऊबाई किंवा मुलगी असते. पाठ दुखते, थकवा वाटतो, जेवण जात नाही, असे बरेच सांगून झाल्यावर हळूच मूळ तक्रार बाहेर येते. अंगावरून फुटलेल्या दह्याच्या गुठळ्यांसारखे पांढरे जाते आणि लघवीच्या जागी असह्य खाज सुटते. वर्षभरातील ही चौथी वेळ. दर वेळी औषधाच्या दुकानातून मलम आणले, आठ दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. कोणी सांगितले की ही उष्णता आहे, म्हणून अंडी, तीळ, वांगी बंद केली. नंतर कोणी सांगितले की अंगात यीस्ट वाढले आहे, म्हणून दही, ताक, इडली, आंबील आणि फळेही बंद झाली. आता ताटात भाकरी आणि पातळ वरण एवढेच उरले आहे. वजन उतरले, चेहरा फिकट पडला. खाज मात्र आहे तिथेच आहे.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेलेली असते. रक्तातील साखर कोणी तपासलेलीच नसते. नांदेड-लातूरकडील दवाखान्यांत हे चित्र मुळीच नवे नाही. म्हणून यीस्टच्या त्रासात आहाराचा वाटा नेमका किती आणि कोणता, हे आज समजून घेऊ.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. तिचे अनेक प्रकार आहेत. पाव फुगवणारे यीस्ट वेगळे आणि माणसाला त्रास देणारे वेगळे. त्रास देणाऱ्या यीस्टला कँडिडा म्हणतात. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यांत, तसेच स्त्रियांच्या योनिमार्गात ते थोड्या प्रमाणात राहतच असते. शरीराची प्रतिकारशक्ती आणि तेथील उपयुक्त जंतू त्याला आवरून धरतात, तोवर त्याची काहीही बाधा होत नाही. तेव्हा यीस्ट अंगात असणे हा रोग नव्हे, ते बेसुमार वाढणे हा रोग होय.

ही वाढ वेगवेगळ्या ठिकाणी दिसते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर आणि गालांच्या आतून दह्यासारखा थर येतो, आणि तो दुधासारखा सहज पुसला जात नाही. स्त्रियांना वर सांगितलेला त्रास होतो. पुरुषांत इंद्रियाच्या टोकाशी लाली, खाज, कातडीला चिरा पडणे, ही लक्षणे आढळतात. जांघेत, स्तनांखाली, पोटाच्या वळीत लाल ओलसर चट्टे येतात. सतत पाण्यात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांतही यीस्ट वाढते.

ते का वाढते?

पहिले कारण म्हणजे मधुमेह. रक्तात साखर वाढली की ती लघवीत, लाळेत आणि योनिमार्गातील स्रावातही वाढते. यीस्टला हे आयतेच खाद्य मिळते. शिवाय वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. म्हणजे शत्रूला रसद आणि पहारेकरी दुबळे, अशी दुहेरी अडचण होते.

दुसरे कारण अँटिबायोटिक औषधे. सर्दी-तापासाठी मनानेच घेतलेल्या कॅपसूल उपयुक्त जंतूही मारतात आणि यीस्टला मोकळे रान मिळते. तिसरे कारण गरोदरपण. याखेरीज स्टिरॉइडच्या गोळ्या, तोंड न धुता वापरलेला दम्याचा पंप, रात्रीही न काढलेली कवळी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारे आजार, ही कारणे आहेत.

मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांनीही हा त्रास संभवतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे रक्तातील जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ती चांगली आहेत, पण लघवीच्या जागी यीस्ट वाढण्याची शक्यता त्यांनी वाढते. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे आणि जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी.

पथ्याने यीस्ट जाते का?

साखर, पाव, आंबवलेले पदार्थ, फळे सोडा म्हणजे यीस्ट उपाशी मरेल, हा विचार अमेरिकेतून आला. १९८३ साली डॉ. विल्यम क्रुक यांचे ‘द यीस्ट कनेक्शन’ हे पुस्तक निघाले आणि थकवा, डोकेदुखी, उदासपणा अशा अनेक तक्रारींचे खापर यीस्टवर फुटू लागले. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अशा तक्रारी असलेल्या ४२ स्त्रियांना काही काळ निस्टॅटिन हे यीस्ट मारणारे औषध आणि काही काळ औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. योनिमार्गाचा त्रास खऱ्या औषधाने कमी झाला. पण थकवा, डोकेदुखी इत्यादी तक्रारींत खऱ्या आणि खोट्या औषधांत फरक पडला नाही. म्हणजे त्या तक्रारींचे मूळ यीस्टमध्ये असल्याचे दिसले नाही.

गोड खाण्याचीही परीक्षा झाली आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८ निरोगी माणसांना मुद्दाम भरपूर साखर देण्यात आली. त्यांच्या तोंडातील आणि आतड्यांतील यीस्टमध्ये एकंदरीत फारसा फरक पडला नाही. कारण उघड आहे. निरोगी माणसाने गोड खाल्ले तरी शरीर रक्तातील साखर मर्यादेत ठेवते. मधुमेह्याच्या शरीराला ते जमत नाही.

दह्याचे काय? १९९२ च्या एका लहान अभ्यासात विशिष्ट जंतू असलेले दही रोज खाल्ल्याने त्रास कमी झाला असे दिसले होते. पण त्यात ३३ पैकी फक्त १३ स्त्रियांनी अभ्यास पूर्ण केला. पुढे २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोठ्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर होणारा यीस्टचा त्रास असे जंतू घेतल्याने टळला नाही. तेव्हा दही हे यीस्टवरचे औषध नाही आणि अपथ्यही नाही. दही, ताक, आंबील पचत असेल तर खुशाल घ्यावे. मात्र दही, लसूण किंवा लिंबू लघवीच्या जागी लावण्याचा प्रयोग करू नये. त्याने आग होते, जखमही होते.

सारांश असा की, साखर मर्यादेत असलेल्या माणसाने यीस्टसाठी ताट रिकामे करण्याची गरज नाही. साखर वाढलेली असेल, तर मात्र आहार हा उपचाराचाच भाग ठरतो. आपण कोणत्या गटात आहोत हे तपासणीनेच कळते. वर सांगितलेल्या बाईंचे वजन पथ्याने उतरले की मधुमेहाने, हे तरी तपासल्याखेरीज कसे कळणार?

तपासणी कोणती, कोठे?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतील अनेकांना त्याचा पत्ताही नसतो आणि कित्येकदा वारंवार होणारी खाज हीच त्याची पहिली वर्दी असते.

उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा ‘तीन महिन्यांची साखर’ सांगणारी एचबीए-वन-सी तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेह समजतात. इतर लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावरची साखर. तिशी ओलांडलेल्यांची साखर आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासली जाते. आशाताईंना विचारावे. पुढील उपचारांची गरज पडली तर जिल्ह्यात उपजिल्हा रुग्णालये आहेत, तसेच नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

साखर वाढलेली असेल तर ताट कसे असावे?

चहा : आपल्याकडे पाच कप चहा सहज होतो. कपाला दोन चमचे धरले तर दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये निरोगी माणसासाठीही साधारण हीच कमाल मर्यादा सांगितली आणि २५ ग्रॅमच्या आत राहणे अधिक चांगले म्हटले. मधुमेह्याने चहातली साखर पूर्ण सोडावी. रस्तोरस्ती मिळणारा गुळाचा चहा हा त्यावर तोडगा नव्हे. गुळानेही रक्तातील साखर वाढतेच.

भाकरी : ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा आणि भातापेक्षा बरी, तिच्यात चोथा असतो. पण ज्वारीतही पिष्ट आहेच. भाकरी चालते म्हणून चार खाल्ल्या तर उपयोग नाही. साधारणपणे दोन भाकरींवर थांबून उरलेली भूक भाजी व डाळींनी भागवावी. शेतात राबणाऱ्याने प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

डाळी-उसळी : लातूर ही तुरीच्या डाळीची मोठी बाजारपेठ, पण घरोघरी वरण मात्र पाण्यासारखे पातळ! वरण घट्ट करावे. मटकी, हरभरा, मूग यांची उसळ, अंडे, शेंगदाण्याची व जवसाची चटणी यांनी भूक टिकते. अंड्याचा किंवा मांसाचा यीस्टशी काहीही संबंध नाही.

भाज्या व फळे : अर्धे ताट मेथी, शेपू, अंबाडी, दोडका, काकडी, मुळा यांनी भरावे. पेरू, जांभूळ, पपईची फोड चालते. उसाचा आणि फळांचा रस टाळावा.

इडली-ढोकळा : आंबवलेले म्हणून टाळू नयेत. इडली तांदळाची असल्याने फक्त मोजून खावी.

उपवास : माहूरच्या रेणुकामातेच्या नवरात्रात अनेक घरी नऊ दिवस उपवास असतात. साबुदाणा, बटाटा, केळी आणि गोड चहा यांवर नऊ दिवस काढले तर साखर हमखास वाढते. थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी असा उपवास बरा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उपाशी राहून साखर एकदम उतरण्याचाही धोका असतो.

आहाराबरोबर हेही पाळा

यीस्टला ओलावा आवडतो. आतले कपडे सुती व सैल असावेत, रोज बदलावेत आणि उन्हात वाळवावेत. संकोचाने ते लुगड्याखाली किंवा न्हाणीत वाळत घालण्याची पद्धत बदलली पाहिजे. पाणीटंचाई आपल्या पाचवीलाच पुजलेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पण टंचाईच्या दिवसांतही आंघोळीचे पाणी मिळो न मिळो, जांघ आणि कातडीच्या घड्या तांब्याभर पाण्याने धुऊन कोरड्या करणे जमते. लघवीच्या जागी जंतुनाशक द्रव किंवा उग्र साबण वापरू नये, आत तर कधीच नाही.

बाळाच्या तोंडाला मध किंवा टाकणखार लावू नये. वर्षाच्या आतील बाळाला मध घातक ठरू शकतो. बाळाबरोबर आईच्या स्तनाग्रांनाही औषध लागते. दोघांपैकी एकालाच दिले तर त्रास परत येतो. दूध पाजणे थांबवू नये.

औषध कोणते?

यीस्टवर क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल अशी खात्रीची औषधे आहेत आणि ती महागही नाहीत. पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. गरोदरपणात फ्लुकोनॅझोलची गोळी मनाने मुळीच घेऊ नये. दुकानातून मागून आणलेल्या अनेक मलमांत स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस खाज थांबते, आतून बुरशी फोफावते. गोल रिंगण करून पसरणारा नायटा हा वेगळ्या बुरशीचा रोग आहे. त्याचे औषधही वेगळे आणि अधिक दिवसांचे असते.

पुढील वेळी विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे : वर्षातून तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला, स्रावाला घाण वास किंवा हिरवट रंग आला, ओटीपोटात दुखले, ताप आला किंवा रक्त गेले, गरोदरपणात त्रास झाला, किंवा मोठ्या माणसाच्या तोंडात कारण नसताना पांढरा थर आला. शेवटच्या बाबतीत साखरेबरोबर एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात मोफत व गुप्त ठेवली जाते.

अंगावरून जाण्याने हाडे झिजतात, हा समज खरा नाही. पण त्या भीतीने आणि लाजेने वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिलेल्या स्त्रीचे रक्त मात्र खरोखर कमी होते. तेव्हा घरातील कोणाला वारंवार असा त्रास होत असेल, तर तिच्या ताटातील एकेक पदार्थ काढून घेण्याआधी तिला तपासणीला घेऊन जा. साखर वाढलेली निघाली तर घरातल्या सगळ्यांनीच चहातली साखर कमी करावी. तिच्या एकटीच्या पथ्यापेक्षा ते टिकते. साखर ठीक निघाली तर औषध पूर्ण घ्यावे आणि ताकाची वाटी पुन्हा तिच्या ताटात ठेवावी.