गाडीतच बिऱ्हाड, गाडी बोटीत

अगं, मोटरहोमच्या भाड्याचा आकडा सांगताना तुझा आवाज एकदम उतरला, ते मला फोनवरच कळलं. म्हणून आज निवांत लिहितेय.

आधी हे ऐक: ती मोठी गाडी भाड्याने घेऊच नकोस. दुबई-शारजात मिळणाऱ्या मोटरहोमचं एका रात्रीचं भाडं बऱ्यापैकी हॉटेलच्या खोलीला मागे टाकतं, अनामत वेगळी, आणि गाडी देशाबाहेर न्यायची म्हटलं की बहुतेक मालक सरळ नाही म्हणतात. तुमची सात सीटांची गाडी आहे ना? मागच्या दोन रांगा पाडल्या, वर गादी टाकली, की तू आणि दोन्ही मुलं आरामात झोपाल. नवरोबांना तंबू. त्यांना तसंही घोरायला मोकळी जागा हवी असते! पडदे चुंबकाचे लाव, एक बॅटरीचा पंखा घे, दोन चुलींची गॅसची शेगडी घे. एवढ्यात तुझं मोटरहोम तयार. एक रात्र दुबईच्या हत्ता गावी जाऊन राहून बघ. तिथे धरणाजवळ कॅरव्हॅन पार्क आहे, पाणी-संडासाची सोय आहे, आणि काही विसरलं असेल तर दीड तासात घरी परत येता येतं. मुलं रात्री दोनला ‘घरी जाऊ या’ म्हणून भोकाड पसरणार असतील, तर ती हत्त्यातच पसरू देत.

आता तुझी बोट. गाडी बोटीत चढवून परदेशी जायचं हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलंय. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो २०२० साली सुरू झाली तेव्हा गाडीसकट समुद्र ओलांडायची मजा मुंबईकरांना कळली. तुला तीच हवीय, पण जरा मोठी. मग शारजाहून इराणच्या बंदर अब्बासला जाणाऱ्या बोटीचा नाद सोड. त्या मार्गाने युरोपातले हौशी लोक आपापली घरं चाकांवर घेऊन वर्षानुवर्षं आखातात येत राहिले, हे खरं. पण त्यासाठी गाडीचा कार्नेट लागतो, म्हणजे गाडी त्या देशात विकणार नाही याची हमी आणि त्यापोटी भलीमोठी रक्कम अडकवायची. शिवाय त्या बाजूला कधी काय पेटेल याचा नेम नाही. लहान मुलं घेऊन तिथे जायचं धाडस मी करणार नाही, तुलाही करू देणार नाही.

तुझ्यासाठी खसब ते शिनास ही बोट. नकाशा उघड. ओमानचा मुसंदम हा तुकडा मुख्य ओमानपासून तुटलेला आहे. मध्ये आपली अमिरात येते. म्हणून ओमान सरकारने २००८ साली मस्कत-खसब वेगवान बोट सुरू केली. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या ऑस्टल कंपनीकडून ‘शिनास’ आणि ‘होर्मुझ’ या दोन बोटी बांधून घेतल्या. एकेका बोटीत २०८ माणसं आणि ५६ गाड्या मावतात. खसबहून शिनासलाही बोट जाते. हा सगळा कारभार आता मुवासलात या सरकारी वाहतूक कंपनीकडे आहे.

मार्ग असा. रास अल खैमाहून अल दारा सीमा ओलांडायची, पलीकडे तिबात. तिथून बुखावरून खसबपर्यंत रस्ता डोंगर कापून समुद्राला चिकटून जातो. दोन रात्री खसब. मग गाडी बोटीत, साधारण तीन तासांत शिनास. तिथून खतमत मलाहाच्या सीमेवरून कलबा, आणि घरी. सगळी फेरी गोल होते, आलेला रस्ता पुन्हा बघावा लागत नाही.

यात पैशाची एक गंमत आहे, ती लोकांच्या लक्षात येत नाही. खसब बघून मुख्य ओमानला रस्त्याने जायचं म्हटलं तर ओमानमधून बाहेर, अमिरातीत आत, पुन्हा अमिरातीतून बाहेर, पुन्हा ओमानमध्ये आत. प्रत्येक वेळी शिक्का, अमिरातीतून बाहेर पडताना माणशी साधारण ३५ दिरहम, आणि ओमानचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो दुसऱ्यांदा काढायचा. बोटीने गेलीस की तू ओमानमधून ओमानमध्येच जातेस. एकदाच आत, एकदाच बाहेर. चौघांच्या हिशोबात बोटीच्या तिकिटातला थोडाफार भाग तिथेच निघतो, आणि सीमेवरच्या रांगांचे तास वाचतात ते वेगळेच.

आणि मी हीच बोट का म्हणते, मसिरा बेटाची का नाही? मसिरा फार सुंदर आहे. मस्कतहून पाचेक तासांवर शन्नाचा धक्का, तिथून बोट. वाटेवरच्या बार अल हिकमानच्या दलदलीत हिवाळ्यात लाखो पाणपक्षी उतरतात. पण बेट ते बेट. बोट रद्द झाली की तिथेच बसायचं, आणि सोमवारी मुलांची शाळा. खसबची बोट रद्द झाली तर आल्या रस्त्याने दोन-तीन तासांत घरी. हिवाळ्यात वायव्येचा शमाल वारा सुटला की बोटी रद्द होतात, त्यात कुणाचा दोष नसतो. पहिल्या सहलीला असाच मार्ग धरावा, जिथे बोट नसली तरी आपलं अडत नाही. मसिरा पुढच्या वर्षी.

बोट रोज नसते. आधी बोटीचा वार बघ, तिकीट काढ, मग त्याभोवती रजा मांड. तिकीट काढताना गाडीची लांबी-उंची विचारतात. टपावर सामानाची पेटी असेल तर तिच्यासकट मोज. धक्क्यावर दीड-दोन तास आधी पोच. जादा पेट्रोलचा डबा नेऊ नकोस, गॅसच्या नळकांड्यांबद्दल तिकीट काढतानाच विचारून घे. गाडी लावली की हँडब्रेक, आणि लागणारं सगळं एका पिशवीत घेऊन वर जा, कारण बोट चालू असताना गाड्यांच्या मजल्यावर थांबू देत नाहीत. त्या पिशवीत आलेपाक आणि दोन-चार रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या असू देत. बोट वेगाची आहे, धाकट्याला लागणार.

कागद. इथे मी जरा कडक होणार आहे. भारतीय पासपोर्टवर आपण आखातातले रहिवासी म्हणून ओमानचा इ-व्हिसा ५ रियालला मिळतो. रियाल म्हणजे साडेनऊ दिरहम धर. पासपोर्ट निदान सहा महिने आणि रहिवासी व्हिसा निदान तीन महिने शिल्लक हवा. घरी बसून काढ आणि कागदावर छापून ठेव. गाडीच्या विम्यात ओमान आहे का, हे पॉलिसी उघडून बघ. सीमेवर ऑरेंज कार्ड, म्हणजे तिथल्या विम्याचा पुरावा, मागतात. ते विमा कंपनीकडून आधीच घेतलं तर बरं. एक प्रश्न मात्र स्पष्ट विचार: ओमानमध्ये माझ्याच गाडीचं नुकसान झालं तर भरून मिळेल का, की फक्त समोरच्याचं? आणि गाडी बंद पडली तर उचलून आणणार कोण? पुष्कळांना याचं उत्तर अपघात झाल्यावर कळतं.

मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, ज्याच्या नावावर, तो माणूस गाडीत हवा. नसेल तर त्याची एनओसी. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी, कंपनीची गाडी असेल तर कंपनीची. तुमची गाडी नवरोबांच्या नावावर आहे, म्हणून ते सोबत असतील तर प्रश्न नाही. पण तू लायसन्सचं अजून मनावर घेतलेलं नाहीस, त्याचं काय? अनोळखी घाटात त्यांना ताप भरला तर गाडी कोण चालवणार? तेवढं एक कर. खरं तर मी सहलीच्या आधी तेच करायला सांगेन. इथलं लायसन्स पर्यटकाला ओमानमध्ये चालतं.

सासूबाई. तू विचारलं नाहीस, पण मला माहितीय त्या नोव्हेंबरात येताहेत आणि त्यांना घरी एकटं ठेवून जायला तुला बरं वाटणार नाही. त्यांचा व्हिजिट व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर सीमा ओलांडली की तो संपला. परत यायला नवा व्हिसा. शिवाय आखाती रहिवाशांची ओमानची सवलत त्यांना लागू नाही. म्हणून एक तर त्या येण्याआधी जा, नाहीतर त्यांच्यासाठी आधीपासूनच अनेक प्रवेशांचा व्हिसा काढ आणि ओमानचा स्वतंत्र. सीमेवर म्हाताऱ्या बाईला बाकड्यावर बसवून साहेबांच्या विनवण्या करायची वेळ आणू नकोस.

त्या येताना गोडा मसाला आणि डिंकाचे लाडू आणतील. त्यांना आत्ताच फोन करून सांग: खसखस अजिबात नको. खसखशीवर अमिरातीत बंदी आहे, आणि लाडवातली सुद्धा खसखसच. घरातून सामान घेताना हे तूही बघ, परतीच्या सीमेवर पेट्या उघडायला लावतात. खोकल्याची, दुखण्याची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. ड्रोन घरी.

मुक्कामाचं. ओमानमध्ये उघड्यावर तंबू ठोकायला लोक बरेच मोकळे आहेत. खसबला बस्सा नावाचा किनारा आहे, कुटुंबं तिथे उतरतात, तू तिथेच राहा. खोर नज्दचा फोटो पाहून भुलू नकोस, तिथला उतार कच्चा आणि वळणावळणाचा आहे. जबल हारीम २,०८७ मीटर उंच, तोही कच्च्या रस्त्याचा. फोर-व्हील नसेल तर तिथल्या माणसाच्या गाडीतून जा. लाकडी धाऊमधून खाडीत एक फेरी मात्र करा, डॉल्फिन दिसतात. वाटेत टेलिग्राफ आयलंड नावाचा एवढासा खडक लागतो. १८६४ साली कराचीहून आखातात तारेची केबल टाकली तेव्हा इंग्रजांनी तिथे ठाणं उभारलं आणि काही वर्षांतच उकाड्याला कंटाळून सोडलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, हे थोरल्याला सांग. त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नसणार.

आपल्या बायकांचं बोलू. संडासाची चिंता तू कुणाजवळ बोलली नसशील, पण तीच खरी चिंता. पेट्रोल पंप आणि मशिदींजवळची स्वच्छतागृहं वापर, रात्रीसाठी घडीची बादली आणि उभा छोटा तंबू घे. पाळीच्या तारखा आधी बघ, जाड काळ्या पिशव्या ठेव, कचरा परत आण. कपडे सैल आणि पूर्ण, सलवार-कुर्ता उत्तम. वस्तीजवळ तंबू लावायचा तर गावातल्या माणसाला विचार. तो बहुतेक कॉफी आणि खजूर घेऊनच येईल.

आता भीतीच्या दोन गोष्टी, बाकी कशाला घाबरू नकोस. पहिली कोळशाची शेगडी. थंडी वाजली म्हणून निखारे तंबूत किंवा गाडीत घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. असे मृत्यू इथे हिवाळ्यात होतात. गॅसची शेगडीसुद्धा आत पेटवायची नाही, आणि एक खिडकी दोन बोटं उघडी. दुसरी वादी, म्हणजे डोंगरातून येणारा कोरडा नाला. कोरड्या वादीत सपाट वाळू आणि सावली मिळते म्हणून लोक तिथेच तंबू ठोकतात. पाऊस वीस किलोमीटर लांब डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ, ओमानच्या सीमेवरच्या खत्म अल शक्लात एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा कधीच नव्हता. अमिरातीत वाहत्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम दंड, २३ ब्लॅक पॉइंट आणि गाडी ६० दिवस जप्त. ओमानमध्येही तो गुन्हाच आहे. ढग दिसले की उंचावर जा, सहल सोडावी लागली तरी सोड.

खाण्यावर पैसे घालवू नकोस. भाजणी, मेतकूट, मुगाची खिचडी, आगळाची बाटली. मासे खसबच्या बाजारातून. प्यायचं पाणी माणशी रोज चार-पाच लिटर, हातपाय धुवायचं वेगळं. ऑक्टोबरअखेर ते मार्च एवढाच काळ या सहलीचा. २ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाची जोडून आलेली सुट्टी मात्र टाळ, अर्धी अमिरात त्याच सीमेवर उभी असते. होर्मुझच्या बाजूने काही ताणाची बातमी असली तर तारीख पुढे ढकल. सरकारी सूचना वाच, व्हॉट्सअॅपवरच्या नाही.

आणि लंडनपर्यंत गाडीने जायचं ते तुमचं मोठं स्वप्न? सौदीने २०१९ पासून पर्यटकांना व्हिसा द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून जर्मन नंबरप्लेटच्या गाड्या थेट रस्त्याने इथे येताना दिसतात. म्हणजे वाट आहे. ती वाट धरायच्या आधी खसब-शिनास करा, आणि मग ठरवा की चौघांना एका गाडीत इतके दिवस खरंच राहायचंय का.

हे नंबर मुलांकडूनही पाठ करून घे: ओमानमध्ये पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्हींसाठी ९९९९, अमिरातीत पोलीस ९९९ आणि रुग्णवाहिका ९९८.